एका मुदतबाह्य प्रणालीची कैफियत

शके १९३६ मधील रामनवमी मंगळवारी, ८ एप्रिल २०१४ रोजी आली होती. देशभर लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू होती, वर्तमानपत्रांचे रकाने उमेदवारांच्या दौऱ्यांनी व्यापलेले होते, आणि या गदारोळात अमेरिकेतील रेडमंड येथील मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपी या आपल्या कार्यप्रणालीसाठी अखेरची सार्वजनिक सुरक्षा-दुरुस्ती त्याच तारखेस प्रसृत करून सुमारे साडेबारा वर्षांच्या जबाबदारीतून आपले अंग काढून घेतले, ही वार्ता बहुतेकांनी आतल्या पानावर ओझरती वाचून सोडून दिली असल्यास नवल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकांतील, कचेऱ्यांतील आणि छापखान्यांतील संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली टिपलेली ती हिरवी टेकडी आणि तिच्यावरचे निळे आकाश पडद्यावर पूर्ववत उमटले, हिशेब जुळले, पावत्या छापल्या गेल्या. यंत्रात तिळमात्र बिघाड झालेला नव्हता. मार्चपासून पडद्यावर अधूनमधून एक चौकट उमटून मुदतीचा इशारा देत असे खरी. परंतु हा इशारा पुन्हा दाखवू नये अशी खूण करण्याची सोयही त्याच चौकटीत असल्याने त्या सोयीचा लाभ बहुतेकांनी घेतला असणार, हे मनुष्यस्वभाव जाणणाऱ्यास सांगावयास नको.

विकलेल्या मालाची विक्रेत्याने वर्षानुवर्षे विनामूल्य डागडुजी करीत राहावे, हा शिरस्ता संगणकाच्या व्यापारात प्रारंभापासून नव्हता. संगणक जोवर एकेका खोलीत एकटे होते, तोवर त्यांच्या आज्ञावलीतील दोष हा त्या खोलीपुरताच मामला असे; ते तारांनी परस्परांशी जोडले गेले तेव्हा मात्र एका यंत्रातील दोष त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला भोवू लागला. एक्सपी बाजारात आली ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी. त्याच वर्षीच्या जुलैत 'कोड रेड' आणि सप्टेंबरात 'निम्डा' या, एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरणाऱ्या व्हायरसांनी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांची दाणादाण उडविली होती. तेव्हा १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या नोकरवर्गास ताकीदपत्र धाडून, नव्या सोयी आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आल्यास सुरक्षिततेस अग्रक्रम द्यावा, असे फर्माविले. फर्मान निघाले म्हणून आधी लिहिलेल्या लक्षावधी ओळी निर्दोष होत नाहीत. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' आला आणि जगातील दुर्बल सर्व्हरांपैकी बहुतांश त्याने अवघ्या १० मिनिटांत गाठले. तो ज्या छिद्रातून शिरला ते बुजविणारा पॅच सहा महिन्यांपूर्वीच निघालेला होता. त्याच वर्षी ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' पसरू लागला, आणि त्याच्या दोषावरील पॅच १६ जुलै रोजी, म्हणजे २६ दिवस आधी, सर्वांसाठी खुला झाला होता. त्या महिन्यात ज्यांनी सायबर कॅफे चालविला किंवा घरी मोडेम लावून इंटरनेट वापरले त्यांना पडद्यावर अवचित उमटणारी ती चौकट, तीत साठापासून खाली उतरत जाणारे सेकंद, आणि अर्धवट लिहिलेले पत्र गिळंकृत करून आपण होऊन बंद पडणारे ते यंत्र अद्यापि आठवत असेल.

दोष सापडणे, त्याची दुरुस्ती निघणे आणि ती दुरुस्ती शेवटच्या यंत्रापर्यंत जाऊन पोहोचणे, या तीन घटनांमध्ये जे अंतर राहते त्या अंतरातच चोरांचा सारा व्यापार चालतो, ही गोष्ट या दोन वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाली. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्रित देण्याचा पायंडा मायक्रोसॉफ्टने पाडला, तो आजतागायत चालू आहे. ऑगस्ट २००४ मध्ये 'सर्व्हिस पॅक २' या नावाने एक्सपीचा जवळजवळ जीर्णोद्धारच करण्यात आला आणि तोवर झोपी गेलेली फायरवॉल पहिल्या दिवसापासून जागी ठेवण्याची तजवीज झाली. या सगळ्यास मुदत मात्र होती. कंपनीने २००२ साली मुदतीचे लेखी धोरण जाहीर केले व २००४ मध्ये ते विस्तारले: पाच वर्षे संपूर्ण सेवा आणि पुढील पाच वर्षे केवळ सुरक्षेची सेवा. एक्सपीच्या वाट्याला यापेक्षा अधिक काळ आला, कारण तिची उत्तराधिकारी असलेली 'व्हिस्टा' प्रणाली घराघरांत पोहोचावयास २००७ चा जानेवारी उजाडला. तरीही एप्रिल २०१४ ही तारीख पुष्कळ वर्षे आधी जाहीर झालेली होती. आमच्यावर अवचित घाला पडला असे म्हणण्यास कोणालाच जागा नव्हती.

मग एवढी मंडळी एक्सपीवर का अडकून राहिली? मुदत संपली त्या वेळी जगातील मेजावरच्या संगणकांपैकी चतुर्थांशाच्या आसपास संगणक तिच्यावर चालत होते, आणि या संख्येस केवळ आळस म्हणून निकालात काढणे हा मला अन्याय वाटतो. व्हिस्टा जड होती. तिला लागणारी स्मृती आणि वेग सामान्य यंत्रात नसे, म्हणून ती घेतलेलेही पुष्कळजण परत एक्सपीकडे वळले. पुढे २००८ च्या सुमारास छोट्या, स्वस्त नेटबुकांची लाट आली, त्यांना व्हिस्टा पेलवेना, म्हणून दुकानांतील विक्री थांबवूनही मायक्रोसॉफ्टने या छोट्या यंत्रांवर एक्सपी घालून देण्याची मुभा २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवली. म्हणजे ज्या गृहस्थाने त्या वर्षीच्या दसऱ्याला मुलीसाठी नेटबुक विकत घेतले, त्याने साडेतीन वर्षांनी मुदत संपणारी वस्तू नवी म्हणून घेतली, आणि हे त्याला विकणाऱ्याने सांगितले असेल असे समजण्यास काहीही आधार नाही.

महाराष्ट्रात याच दशकात संगणक मध्यमवर्गाच्या घरात आणि सरकारी दफ्तरात शिरला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ सालची. त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत वर्ग उघडले, आणि नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांच्या एका पिढीने 'माऊस' प्रथम हाती धरला तो या काळात. यंत्रे मात्र सर्वच सनदशीर नव्हती. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेल्या संगणकावर जोडणारा जी एक्सपी घालून देई ती पुष्कळदा नक्कल असे. जुलै २००५ पासून खऱ्याखोट्या प्रतींची पडताळणी करण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने सुरू केल्यावर, अपडेट केले की विंडोज पकडली जाते, ही समजूत घरोघर दृढ झाली आणि जोडणारा माणूस जाताजाता अपडेट बंद करून जाऊ लागला. अशा यंत्रांच्या बाबतीत ८ एप्रिल २०१४ या तारखेस काही अर्थच नव्हता. त्यांची मुदत घरी आणल्या दिवशीच संपलेली होती.

अक्षरजुळणीच्या दुकानांची कथा याहून निराळी, आणि मला ती अधिक विचारणीय वाटते. पुण्याच्या पेठांतून, आणि जिल्ह्याच्या प्रत्येक गावी, लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सारे मराठी मजकूर ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरवर जुळविले जात, त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. पुढील कार्यप्रणालींसाठी ते सुधारून देण्याच्या भरीस त्याची मालक कंपनी पडली नाही. त्याच्या जोडीला पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम असे. या जुन्या फॉन्टांमध्ये अक्षरांची मांडणी प्रत्येकाची स्वतंत्र, युनिकोडशी काहीही संबंध नसलेली. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांची पुस्तके, अंक आणि अहवाल ज्या फायलींत साठलेले होते त्या नव्या यंत्रावर उघडल्या की 'श्री' च्या जागी दोन-तीन रोमन अक्षरे आणि एखादे प्रश्नचिन्ह दिसे. तेव्हा दुकानदाराने केले ते सरळ होते. नवे यंत्र घेऊन त्यावर बिले आणि ईमेल पाहावयाचे, आणि जुने यंत्र कोपऱ्यात, परवान्याचे लॉक मागच्या पोर्टाला लावलेल्या अवस्थेत, तसेच चालू ठेवावयाचे. ते इंटरनेटला जोडलेले नाही म्हणून सुरक्षित, असा दुकानदाराचा भरवसा. पण दिवसातून दहा गिऱ्हाइके दहा पेन ड्राइव्ह घेऊन येणार, आणि त्यांतील एखाद्यातून शिरलेला व्हायरस पुढच्या नऊ जणांच्या पेन ड्राइव्हवर बसून जाणार. फोल्डरांच्या जागी त्यांचे शॉर्टकट दिसू लागले की ही लागण ओळखावी, हे ज्ञान संगणकाची दुसरी कोणतीही माहिती नसलेल्या मुलांनासुद्धा होते.

इस्पितळे आणि कारखाने यांत हीच अडचण अधिक भारदस्त रूपाने उभी राहते. एमआरआय यंत्र काही कोटींचे असते, ते दहा-पंधरा वर्षे चालावे अशा हिशेबाने घेतलेले असते, आणि त्यास चालविणारा संगणक हा त्याचाच एक अवयव असतो. उत्पादकाच्या संमतीवाचून त्याची प्रणाली बदलली तर यंत्राची हमी आणि प्रमाणपत्र दोन्ही धोक्यात येतात. संगणकनियंत्रित लेथचेही तेच. ज्या वस्तूस प्रणाली जोडलेली आहे तिचे आयुष्य प्रणालीच्या मुदतीहून दीर्घ असणे, हे या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. निष्काळजीपणा त्यानंतर येतो.

मुदत संपल्याने नेमके काय बिघडते, याविषयी सामान्यतः गैरसमज असतो. आज्ञावली लोखंडाप्रमाणे गंजत नाही. एक्सपीमध्ये ८ एप्रिलला जी छिद्रे होती तीच ९ एप्रिललाही होती. धोका वाढतो तो दुसऱ्या बाजूने. विंडोजची प्रत्येक नवी आवृत्ती जुनीच्या पायावर उभारलेली असल्याने दोहोंतील कितीतरी भाग एकसारखा असतो. जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळात एक्सपीस लागू पडणारी ४५ सुरक्षा-पत्रके मायक्रोसॉफ्टने काढली, त्यांपैकी ३० पत्रके विंडोज ७ आणि ८ यांनाही लागू होती, असा दाखला कंपनीनेच दिलेला आहे. आता नव्या प्रणालीचा पॅच निघाला, की आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून कोठे काय बदलले ते पाहावे, म्हणजे दोष कोठे होता ते उमगते; आणि तोच दोष जुन्या प्रणालीत तसाच उघडा पडलेला असतो. एकाच कारागिराने बांधलेल्या दोन किल्ल्यांपैकी एकावरची शिबंदी उठवावी, आणि दुसऱ्यात सापडलेली प्रत्येक चोरवाट दर महिन्याला डांगोरा पिटून बुजवावी, असा हा प्रकार आहे. अँटिव्हायरस ठेवला की भागते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले नसते, की अँटिव्हायरसचा पहारा स्वतः त्याच प्रणालीच्या जमिनीवर उभा असतो.

परंतु शिबंदी खरोखर उठली होती काय? येथे कागदपत्रे काही निराळेच सांगतात. ज्यांच्यापाशी द्रव्य होते त्यांच्यासाठी मुदत वाढवून मिळत होती. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या साऱ्या सार्वजनिक संस्थांसाठी ५५ लाख पौंड मोजून एका वर्षाची खास सेवा विकत घेतली. अमेरिकेच्या नौदलाने २०१५ साली ९१ लाख डॉलरांचा तसाच करार केला. दुरुस्त्या तयार होत होत्या, रेडमंडच्याच कारागिरांकडून होत होत्या. फक्त त्या देण्याचा अखत्यार कराराने बांधलेला होता. सामान्य जनांच्या बाबतीतही कंपनीचा निग्रह पहिल्या महिन्यातच ढळला. २६ एप्रिल २०१४ रोजी इंटरनेट एक्सप्लोररमधील एका गंभीर दोषाचा बोभाटा झाला, आणि १ मे रोजी निघालेल्या पॅचमध्ये नुकतीच निरोप दिलेली एक्सपीही समाविष्ट करण्यात आली. कार्यप्रणालीची मुदत हे तिचे वय नसून एका करारनाम्याचे कलम आहे, असे माझे मत बनले ते या घटनांचा क्रम मांडून पाहिल्यावर.

त्या कलमाचा सर्वांत कठोर अर्थ मे २०१७ मध्ये उघड झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, विंडोजमधील फायलींची देवघेव करणाऱ्या एका जुनाट व्यवस्थेत सापडलेला दोष उत्पादकास न कळविता हत्यार म्हणून स्वतःपाशी ठेवला होता, आणि 'इटर्नलब्लू' या नावाचे ते हत्यार 'शॅडो ब्रोकर्स' या अज्ञात टोळीच्या हाती पडले. फेब्रुवारी २०१७ चा नेहमीचा मंगळवार मायक्रोसॉफ्टने अभूतपूर्व रीतीने रद्द केला. १४ मार्च रोजी विंडोज ७ आणि तत्सम चालू प्रणालींसाठी त्या दोषाचा पॅच निघाला. १४ एप्रिल रोजी टोळीने ते हत्यार जगासमोर टाकले. आणि शुक्रवारी, १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने त्याचा वापर करून दोनच दिवसांत सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. फायली परत हव्या असल्यास ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्यावेत, तीन दिवसांनी दुप्पट, असा त्याचा हुकूम होता. त्याच रात्री मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी पॅच सर्वांना खुला केला, आणि या औदार्याची वाहवा झाली. परंतु जिज्ञासूंनी त्या पॅचमधील फायलींवरच्या तारखा उघडून पाहिल्या, तेव्हा त्या फेब्रुवारी २०१७ मधील निघाल्या. दुरुस्ती तीन महिने तयार होती. ती पैसे भरणाऱ्यांसाठी होती.

कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी १४ मे रोजी सरकारांना दोष दिला, की त्यांनी असे दोष दडवून ठेवू नयेत. बोलणे रास्त होते. त्या तारखा मात्र त्यांच्या बोलण्याशेजारी ठेवूनच ते वाचावयास हवे.

या संकटात सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची. इंग्लंडमधील २३६ आरोग्य-न्यासांपैकी किमान ८० न्यासांच्या कारभारात व्यत्यय आला, ५९५ डॉक्टरांचे दवाखाने बाधित झाले, १,२२० निदानयंत्रांस लागण झाली, पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या इस्पितळाची वाट धरावी लागली, आणि पुढे सरकारने एकूण नुकसानीचा अंदाज ९ कोटी २० लाख पौंडांचा केला. ब्रिटिश सरकारने २०१५ साली त्या खास कराराचे नूतनीकरण केले नव्हते, आणि एप्रिल २०१५ पर्यंत एक्सपी सोडण्याची योजना हवी अशी पत्रे २०१४ मध्येच न्यासांना धाडली होती, हे वाचून प्रथम असेच वाटते, की पैसे वाचविण्याच्या हव्यासापायी मुदतबाह्य यंत्रांनी घात केला. वृत्तपत्रांनीही तसेच लिहिले. चौकशीचे निष्कर्ष मात्र वेगळे आले: लागण झालेल्या यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची, म्हणजे मुदतीतली होती, ज्यांचा पॅच दोन महिने उपलब्ध असूनही कोणी लावला नव्हता. एक्सपीची यंत्रे त्या मानाने बचावली, आणि बचावली ती एका विलक्षण कारणाने. वॉनाक्राय ज्या रीतीने घुसे ती एक्सपीवर नीट चालत नसे. यंत्र निळा पडदा दाखवून कोसळे आणि व्हायरसही त्याच्याबरोबर कोसळे. जुनी प्रणाली तगली ती तटाच्या बळावर नव्हे, हल्लेखोराने तिच्यासाठी पुरेशी मेहनत घेतली नाही म्हणून. हा प्रसंग पुढे करून जुन्या प्रणालीचे समर्थन करणारे मला भेटले आहेत. त्यांच्या युक्तिवादास मी हसून टाळी देतो, पण त्यावर माझ्या ठेवी ठेवणार नाही.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे आणि केरळातील काही ग्रामपंचायतींचे संगणक त्या आठवड्यात कुलूपबंद झाले. महाराष्ट्रास झळ लागली ती पुढच्या महिन्यात. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील करभरणीच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेला 'नॉटपेट्या' डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि न्हावा-शेवा बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनल्सचे काम विस्कळीत होऊन कंटेनरांची नोंद हाताने करण्याची पाळी आली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. नॉटपेट्या इटर्नलब्लू वापरीत असेच, पण त्याखेरीज एका यंत्राच्या स्मृतीतून परवलीचे शब्द चोरून तो पॅच लावलेल्या यंत्रांतही सनदशीर मार्गाने प्रवेश करीत असे. त्यामुळे कोपऱ्यातले एक दुर्लक्षित यंत्र हे केवळ स्वतःपुरते दुर्लक्षित राहत नाही.

आता एटीएमकडे वळू, कारण मुदतबाह्य प्रणालीशी भारतीय नागरिकाची सर्वांत निकटची गाठ तेथेच पडत होती. भारतातील पहिले एटीएम एचएसबीसी बँकेने १९८७ साली मुंबईत बसविले. त्या काळी जगातील ही यंत्रे पुष्कळदा आयबीएमच्या ओएस/२ प्रणालीवर चालत. तिचीही मुदत संपत आली तेव्हा बँका विंडोजकडे वळल्या, आणि अशा रीतीने एका मुदतबाह्य प्रणालीतून निघून त्या दुसऱ्या भावी मुदतबाह्य प्रणालीत जाऊन बसल्या. २०१४ साली जगातील बहुसंख्य एटीएमच्या पोटात एक्सपी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'ट्युपकिन' नामक प्रकार उघडकीस आणला. चोर एटीएमचा वरचा कप्पा किल्लीने उघडून आतल्या संगणकात एक सीडी घाली. मग तो व्हायरस केवळ रविवारी आणि सोमवारी रात्री जागा होई, आणि योग्य आकडे दाबणाऱ्यास कोणत्याही कार्डावाचून ४० नोटा मोजून देई. तिजोरी फोडण्याची गरजच उरली नव्हती.

रिझर्व्ह बँकेने एक्सपीवरील एटीएमविषयी १७ एप्रिल २०१७ रोजी बँकांना एक गोपनीय परिपत्रक धाडले होते, ही गोष्ट आपणास कळली ती १४ महिन्यांनी, कारण २१ जून २०१८ च्या जाहीर परिपत्रकात तिने त्याचा हवाला देऊन बँकांच्या मंद गतीबद्दल नाराजी नोंदविली. या दुसऱ्या परिपत्रकाची भाषा मुदतबंद आहे: ऑगस्ट २०१८ पर्यंत यंत्रांचे यूएसबी पोर्ट निकामी करावेत, ऑटोरन बंद करावे, बायोसला परवलीचा शब्द लावावा, आणि प्रणाली बदलण्याचे काम सप्टेंबर २०१८ पर्यंत चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मे, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश व जून २०१९ पर्यंत संपूर्ण करावे. पेठेतल्या अक्षरजुळणीच्या दुकानात जो पेन ड्राइव्ह शॉर्टकटांचा उपद्रव पसरवीत होता, त्याचेच द्वार येथे राष्ट्राच्या मध्यवर्ती बँकेने हुकूम काढून बंद करविले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर दोन लाखांहून अधिक एटीएम नव्या आकाराच्या नोटांसाठी अभियंत्यांनी एकेक करून उघडली होती. प्रत्येक यंत्रापुढे माणूस उभा होता, पण रांगा रस्त्यावर आलेल्या असताना प्रणालीचा विचार करण्यास उसंत कोणाला असणार. जुन्या यंत्रांतील संगणक नवी विंडोज पेलण्याजोगा नसल्याने कित्येक ठिकाणी तोही बदलावा लागत होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये एटीएम व्यावसायिकांच्या संघटनेने इशारा दिला, की या आणि अन्य नियमांच्या खर्चामुळे देशातील २ लाख ३८ हजारांपैकी निम्म्याच्या घरातील यंत्रे मार्चपर्यंत बंद करावी लागतील. तसे घडले नाही. एटीएम चालविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या जुन्या वादातील तो एक डाव होता, असे मला वाटते. प्रणालीची मुदत त्यात प्यादे झाली.

याच सुमारास पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो ९४ कोटींचा दरोडा पडला, त्याचे खापर मुदतबाह्य एटीएमवर फोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा. तेथे हल्ला झाला तो एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेवर; पैसे निघाले ती यंत्रे २८ देशांत विखुरलेली होती व ती आपल्याला मिळालेला हुकूम प्रामाणिकपणे पाळीत होती.

रिझर्व्ह बँकेची अखेरची मुदत भरण्यास सहा आठवडे उरले असता, १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने दूरस्थ प्रवेशाच्या व्यवस्थेत सापडलेल्या 'ब्लूकीप' नामक दोषासाठी एक्सपीचा पॅच पुन्हा एकदा सर्वांना दिला. निरोपास तोवर पाच वर्षे उलटून गेली होती. त्यानंतर विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मंगळवारीच. या शेवटच्या खेपेस खास करार सरकारांपुरता न ठेवता घरगुती गिऱ्हाइकांसही खुला करण्यात आला: एका वर्षाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी ३० डॉलर भरावेत, अथवा आपल्या संगणकातील मांडणीची नोंद कंपनीच्या खात्यात जमा करण्यास संमती द्यावी. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील रहिवाशांना, ग्राहक-संघटनांनी आवाज उठविल्यावर, कंपनीच्या खात्यातून प्रवेश करण्याच्या अटीवर ही सवलत ३० डॉलरांवाचून आणि त्या संमतीवाचूनच मिळाली. पॅच एकच, दोष एकच, यंत्रही एकाच घडणीचे; बेल्जियममध्ये त्याची किंमत एक आणि बारामतीत दुसरी.